तीन पायांचं खेचर

सान मामेर्तोमध्ये ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की लोकांना भुकेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची धास्ती असायची. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, याची.

मेक्सिकोवर राज्य तेव्हा स्पेनच्या राजाचं होतं. दरवर्षी उपवासकाळात चर्चमध्ये धर्मन्यायालयाचं फर्मान वाचलं जायचं. कुणी चेटूक करताना पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा नुसता संशय आला असेल, तर त्यानं पुढच्या रविवारच्या आत येऊन शपथेवर सांगावं. माहीत असून गप्प राहील त्याला ईस्टरचा प्रसाद मिळणार नाही. फर्मान लिहिणाऱ्यांच्या मनात असं होतं की ज्याला माहीत आहे त्यानं बोलावं. आमच्या गावानं त्याचा अर्थ असा घेतला की प्रत्येकानं बोललंच पाहिजे. सान मामेर्तो घाटाच्या पायथ्याशी, वेराक्रूझ बंदरातून वर जाणाऱ्या खेचरांच्या वाटेवर आहे. इथं काहीच माहीत नसलेला माणूस कुणी कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे ‘मला काही माहीत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

पंचाईत एवढीच होती की गावात चेटकीण नव्हती.

बाल्तासारा दे लोस रेयेस होती, पण ती चॉकलेट विकायची. चर्चसमोरच्या कमानीखाली तिची चूल, मातीचं उंच भांडं आणि लाकडाची रवी. पाट्याखाली निखारे ठेवून ती कोको वाटायची, म्हणजे त्याला तेल सुटतं. मग दालचिनी, जराशी मिरची, आणि दोन तळव्यांत रवी फिरवत इतकं घुसळायचं की फेस भांड्याच्या काठावर उभा राहिला पाहिजे. आमच्याकडे चॉकलेटची परीक्षा चवीवर होत नाही, फेसावर होते. फेसावर कोकोचा दाणा ठेवायचा. बुडाला तर करणारीनं मान खाली घालायची. बाल्तासाराच्या फेसावरचा दाणा प्रवचन संपेपर्यंत टिकायचा असं म्हणत, आणि म्हातारे पाद्री नोफ्रे काही थोडक्यात आटोपणारे नव्हते.

तिची आजी गिनीच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून विकायला आणलेली, आजोबा कुणी खलाशी. माझा रंग माझ्या चॉकलेटचाच, असं ती आपण होऊनच सांगून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते सांगायची संधी उरत नसे. लग्न केलं नव्हतं. घरात मार्केसा नावाची एक डुकरीण होती. आणि गावातल्या निम्म्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात तिनंच धरलं होतं. आमच्याकडे पोराची आई आणि त्याची धर्ममाता एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड असतं. बहिणीशी भांडता येतं.

एका वर्षी फर्मान वाचून झाल्यावर विधवा युफ्रासिया तिच्या चुलीपाशी येऊन बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

“कोमाद्रे, मी मेले.”

“का गं?”

“वर्षभरात काही दिसलंच नाही. मी लक्ष ठेवून होते, अगदी मनापासून. शेजारणीच्या अंगणातसुद्धा डोकावून आले. ती मेली कपडे धूत होती.”

“मग तसं सांग.”

“कपडे धुण्यात कसलं आलंय चेटूक? पाद्रीबाबा म्हणतील ही लपवते. सगळे उठून प्रसादाला जातील आणि मी बाकावर एकटी. लोक म्हणतील, नवऱ्याला हिनंच खाल्लं.”

बाल्तासाराची रवी थांबली नाही. “माझं नाव सांग.”

“तुझं? तू काय केलंस?”

“मी काय करणार. सांग की माझ्या खांद्यावर घुबड बसलेलं पाहिलं.”

“बसलं होतं?”

“एकदा कोंबडी बसली होती. उजेड कमी असता तर घुबडच वाटलं असतं.”

युफ्रासियानं विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. “उजेड कमी होता एवढं मी शपथेवर सांगू शकते,” ती म्हणाली, आणि बरीच हलकी होऊन उठली.

पाद्री नोफ्रेंनी सगळं लिहून घेतलं, शाईवर वाळू टाकली, कागद पेटीत ठेवला आणि म्हणाले, “बाल्तासाराला सांग, उद्या दालचिनी थोडी जास्त.”

युफ्रासियाला प्रसाद मिळाला, बाल्तासाराला काही झालं नाही. मग काय, पुढच्या वर्षापासून रीतच पडली. फर्मान वाचून झालं की गाव चर्चमधून निघून थेट कमानीखाली यायचं. बाल्तासारा घुसळता घुसळता वाटून द्यायची. कुणावर अन्याय होऊ नये याची तिला काळजी असायची.

“मला या वर्षी उडणं दे,” भाकरीवाला मेलितोन म्हणायचा.

“उडणं शिंप्याला दिलंय. तू मांजर घे.”

“गेल्या वर्षीपण मांजरच होतं. पाद्रीबाबा म्हणतील याला दुसरं काही दिसत नाही का.”

“बरं, मांजर बोललं म्हण.”

“काय बोललं?”

“ते तुझं तू बघ. सगळं मीच करायचं का?”

लोकांनी आळस केला तो एकाच बाबतीत. तारीख विचारली की सगळे कांदेलारियाच्या सणाचा दिवस सांगायचे, कारण तोच लक्षात राहायचा. त्यामुळे त्या एका दुपारी बाल्तासारा विहिरीवरून उडाली होती, शिंप्याच्या छपरावर बसली होती, बोकडावर बसून चर्चच्या घंटेवरून गेली होती, आणि त्याच वेळी वेराक्रूझच्या बाजारात मासे घेत होती. खरं तर ती दिवसभर सणाचे, मक्याच्या पिठाचे तामाल उकडत होती आणि ते खायला हेच सगळे लोक तिच्याकडे होते.

लांबलांबच्या गावांतून बायका वशीकरण मागायला येऊ लागल्या. ती सांगायची, “बाई, मला काही येत नाही.” त्या एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, चांगलीच मुरलेली दिसते. मग चॉकलेट पिऊन जायच्या.

पाद्री नोफ्रे वारले आणि त्यांच्या जागी पुएब्ला शहरात शिकलेले दोन इलारियोन पेरेदा आले. माणूस एकच; ‘दोन’ हा आमच्याकडे नावाआधी लावायचा मान आहे. वय कमी, अंगानं बारीक, पाय सतत गार. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण एकदा वाचलेला कागद ते विसरत नसत. सदरे ठेवायला त्यांनी नोफ्रेंची कागदांची पेटी उघडली. सदरे आठवडाभर खुर्चीवरच राहिले.

मग त्यांनी एकेकाला बोलावलं.

“हे तुम्ही म्हणालात?”

“म्हणालो, पाद्रीबाबा.”

“ते खरं आहे?”

“शपथेवर आहे.”

दुसरं काय म्हणणार? शपथेवर सांगितलेलं फिरवलं तर उघड्या पाठीनं गाढवावर बसवून चौकात फटके. आणि फटक्यांचं एक वेळ सोसलं असतं, पण चौकात आपल्याला उघडं बघणारे लोक ओळखीचे. प्रत्येकानं आपलं म्हणणं पक्कं केलं. दोन-चार जणांनी तर घाबरून थोडी भरही घातली. मेलितोनचं मांजर आता लॅटिन बोलत होतं.

दोन इलारियोन कमानीखाली आले तेव्हा बाल्तासारा नुकतीच घुसळून थांबली होती.

“तू बाल्तासारा दे लोस रेयेस?”

“होय, पाद्रीबाबा. घेणार?”

“उपवास आहे.”

“पातळ आहे. पातळानं उपवास मोडत नाही, नोफ्रेबाबा म्हणायचे.”

दोन इलारियोननी विचार केला. या विषयावर मोठमोठ्या विद्वानांमध्ये मतभेद होते आणि त्यांनी ते सगळे वाचले होते. शेवटी पिण्याच्या बाजूचे विद्वान त्यांना जास्त भारदस्त वाटले. त्यांनी उभ्यानं सुक्या भोपळ्याची वाटी तोंडाला लावली. वरच्या ओठावर फेस राहिला.

“तुला अटक आहे,” ते म्हणाले.

“आणखी एक वाटी?”

त्यांनी भांड्याकडे पाहिलं. “अटक केलेल्या बाईच्या हातचं मला घेता येणार नाही.”

“मग अटक जरा थांबवा.”

त्यांनी दुसरी वाटी घेतली, ओठ पुसला आणि मग अटक केली.

गावाचा तुरुंग मागच्या पावसाळ्यात बसला होता, म्हणून तिला शिपाई आन्सेल्मोच्या घरातल्या मक्याच्या कोठारात ठेवलं. समोरच्या दाराला लोखंडी आडणा आणि मोठं कुलूप. किल्ली दोन इलारियोनच्या गळ्यात. मागच्या बाजूनं कोठार आन्सेल्मोच्या बायकोच्या, पास्कुआलाच्या स्वयंपाकघरात उघडायचं, पण त्याला कुणी दार म्हणत नसे. ती मका आणायची वाट होती. ही पास्कुआला म्हणजे आमच्या पणजोबांची आजी, त्यामुळे कोठारात काय काय झालं ते आमच्या घरात जरा जास्त माहीत आहे.

दुपारी बाल्तासारा त्या वाटेनं बाहेर पडून घरी जायची, मार्केसाला खायला घालायची आणि परत येऊन तुरुंगात बसायची. ती पळून कशी गेली नाही असं पुढे कुणी विचारलं की पास्कुआला वैतागायची. पळून कुठं जाणार? तिला जिथं राहायचं होतं तिथंच तर ती होती.

तिला भीती होती ती मेक्सिको शहराची. क्रिस्पिन ओलार्तेचा खेचरांचा तांडा बंदरावरून परत येत होता. तो आला की तिला खेचरावर बांधून घाट चढवणार, आणि तिथं धर्मन्यायालयात उभी करणार. तिथून परत आलेलं कुणी गावाला माहीत नव्हतं. ती जन्मात घाटाच्या पहिल्या वळणापलीकडे गेली नव्हती. तिची आई इथं पुरलेली होती. “मला माझ्या घरात मरायचंय गं,” ती पास्कुआलाला म्हणाली, “आणि एवढ्यात नाही.”

गाव भेटायला यायचं, अर्थात स्वयंपाकघरातून. कुणी तामाल आणायचं, कुणी घोंगडी. युफ्रासिया रोज येऊन रडायची.

“मला माफ कर, कोमाद्रे.”

“मीच तर सांगितलं होतं तुला.”

“तरी पण. मी आज परत जाऊन सांगितलं असतं गं की ती कोंबडी होती. पण शपथ घेतलीय.”

“शपथ मोडू नकोस. तुझी पाठ नाजूक आहे.”

“तेच ना,” युफ्रासिया म्हणाली आणि आणखी रडली. “तुझ्याशिवाय करमायचं नाही.”

सगळ्यांचं असंच होतं. गावात एकही माणूस असा नव्हता की ज्याला ती जायला हवी होती, आणि एकही असा नव्हता की ज्यानं तिला पाठवलं नव्हतं.

वाट पाहत बसायचा कंटाळा येऊन तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर खेचर काढलं. गावात दुसरं काढण्यासारखं होतं काय? पास्कुआला ताटली घेऊन आली, चित्रापुढे उभी राहिली आणि जेवण गार होईपर्यंत तशीच उभी राहिली.

“बोललेलं मागं घेता येत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“पण भर घालता येते. मेलितोननं घातली, त्याला दोन इलारियोननी शाबासकी दिली.”

“मग?”

“मग तू यावर बसून गेलीस. भिंतीतून. सगळ्यांनी पाहिलं.”

बाल्तासारानं खेचराकडे पाहिलं. “आणि मी कुठं असणार?”

“घरी.”

ही एवढीच योजना. गावाला ती लगेच पटली, कारण त्यात कुणाला काही फिरवायचं नव्हतं. सगळे आपापलं म्हणणं तयार करायला घरी गेले. अडला तो एकटा क्रिस्पिन ओलार्ते. तांडा घेऊन तो त्याच दिवशी पोहोचला होता. त्याला स्वयंपाकघरातून आत आणलं. त्यानं टोपी काढली, भिंतीकडे बघितलं आणि टोपी परत घातली.

“हे काय आहे?”

“खेचर,” बाल्तासारा म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“दादा, वाईट काढलं असेल, पण—”

“याला तीन पाय आहेत.”

“चौथा पलीकडे आहे. दिसत नाही.”

“मागचा पलीकडचा दिसतोय आणि पुढचा पलीकडचा दिसत नाही? मग तो गेला कुठं?”

“खरं सांगू का, पास्कुआलानं जेवायला हाक मारली.”

क्रिस्पिननं मान हलवली. “तीन पायांचं खेचर घाट चढत नाही. सपाटीलासुद्धा भरवसा नाही. मी शपथेवर असलं काही बोलणार नाही.”

पास्कुआलानं कमरेवर हात ठेवले. “अरे बाबा, ही बोकडावर बसून घंटेवरून गेली हे कुणी सांगितलं? तूच ना?”

“बोकडाचं मला काय कळतं? उडत असेल. खेचर माझा धंदा आहे.”

“तुझ्या धंद्यापायी तिला मेक्सिकोला नेणार आहेस?”

“वहिनी, उद्या मी वरच्या मुक्कामाला गेलो की बाकीचे खेचरवाले विचारणार, काय क्रिस्पिन, तू म्हणे तीन पायांच्या जनावरावर बाईला जाऊ दिलंस. मग मी तोंड कुठं लपवू?”

चौथा पाय काढण्यावाचून इलाज नव्हता. बाल्तासारानं काढला. तो लांब झाला. क्रिस्पिन म्हणाला लंगडतंय. तिनं पुसून पुन्हा काढला. मग तो म्हणाला की पाय ठीक आहेत पण कान घोड्याचे वाटतात. कान झाल्यावर छाती. छाती झाल्यावर त्याला खोगिराची दोरी खुपली; अशी बांधली तर पहिल्या वळणाला ओझं पोटाखाली. त्यानं आपली माणसं बोलावली. ती भिंतीपुढे ओळीनं उभी राहून डोकी खाजवू लागली. एकजण म्हणाला पाठ जरा बसकी हवी, दुसरा म्हणाला तुझी आई बसकी, आणि बराच वेळ कोठारात बाल्तासाराच्या जिवाबद्दल कुणीच काही बोललं नाही. ती मुकाट्यानं कोळसा चालवत होती.

शेवटी क्रिस्पिननं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. त्याचा चेहरा मऊ झाला.

“हिला मी पाहिल्यापाहिल्या घेतली असती,” तो म्हणाला. “रेमेदियोस नाव ठेवलं असतं.” मग म्हणाला, “हिच्याबद्दल मी शपथ घेतो.”

“बरं झालं,” पास्कुआला म्हणाली आणि चुन्याची बादली आणायला गेली.

“चुना कशाला?”

“खेचर निघून गेलं, मग ते भिंतीवर कसं राहील?”

क्रिस्पिनला हे सुचलं नव्हतं. तो बादलीकडे बघत राहिला, मग भिंतीकडे, मग बाहेर जाऊन त्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं. चुना मारून होईपर्यंत तो आत आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात टोपलीभर ताजी लीद होती. ती त्यानं स्वतः जमिनीवर टाकली, खरं खेचर जिथं टाकेल तिथं, भिंतीपासून नीट अंतर मोजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्तासारा रोजच्यासारखी मार्केसाला खायला घालायला गेली आणि परत आली नाही. तांडा जाईपर्यंत घरातच राहा, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं.

दोन इलारियोननी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. कोठार रिकामं. त्यांनी लीद पाहिली. भिंतीला हात लावला.

“भिंत ओली आहे.”

“घाम असेल, पाद्रीबाबा,” आन्सेल्मो म्हणाला. “एवढं मोठं जनावर तिच्यातून गेलं.”

त्यांनी तिथंच टेबल मांडलं आणि साक्षी घ्यायला सुरुवात केली. मेलितोन, शिंपी, युफ्रासिया, झाडून सगळे. उजेड कमी होता, असं युफ्रासिया भर दुपारबद्दल बोलली. दोन इलारियोन लिहीत होते, पण त्यांच्या कपाळाला आठी होती. मग क्रिस्पिन आला.

“खेचर कसं होतं?”

क्रिस्पिन बोलायला लागला. रंग, वय, दात, खुरांची ठेवण. डाव्या कानाला जरासा कल. पुढचा पाय टाकताना कसं आधी चाचपून मग भार देतं, त्यामुळे निसरड्या दगडावरही घसरत नाही. बोलता बोलता त्यानं टोपीनं डोळे पुसले. “असं जनावर माझ्या दाराशी कधी आलं नाही,” तो म्हणाला, “आणि आता येणारही नाही.”

दोन इलारियोननी लेखणी खाली ठेवली. इतका वेळ त्यांच्या मनात शंका होती. पण जे जनावर नव्हतंच त्याच्यासाठी कुणी असं डोळ्यांत पाणी आणत नाही. त्यांनी कागदावर वाळू टाकली आणि पाय मोकळे करायला चर्चकडे निघाले. मागोमाग सगळं गाव.

कमानीखाली बाल्तासारा रवी फिरवत बसली होती.

ती घरी राहणार होती, पण कोको वाटून झाला होता, आणि वाटलेला कोको तसाच ठेवायचा म्हणजे तिच्या हातून होण्यासारखी गोष्ट नव्हती. गाव जागच्या जागी थांबलं. कुणीतरी क्रॉसची खूण केली.

“ही कोण?” दोन इलारियोननी विचारलं.

पास्कुआला म्हणाली, “ही? ही नवी आहे.”

“नाव काय?”

बाल्तासाराचं नाव बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांमधल्या एकावरून ठेवलेलं होतं. तिनं जवळचा दुसरा राजा उचलला. “मेल्चोरा.”

“कुठली?”

“इथलीच.” पास्कुआला खोकली. “म्हणजे आत्ताच आले. इथली व्हायला.”

चेहरे लक्षात राहत नसले तरी दोन इलारियोन आंधळे नव्हते. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. ही ती असेल, तर सगळ्या गावानं आज खोटी शपथ घेतली. आज घेतली, तर आधीही घेतली असणार. मग घुबड नाही, बोकड नाही, लॅटिन बोलणारं मांजर नाही, चेटूकच नाही, आणि ज्या कागदांवर त्यांनी तिला धरलं होतं ते सगळे चुलीत घालण्याच्या लायकीचे. शिवाय अख्ख्या गावाला फटके मारायचे, तर मारणारा कोण? ही ती नसेल, तर मात्र सगळं जिथल्या तिथं बसत होतं.

“एक वाटी दे,” ते म्हणाले.

तिनं ओतली. फेस उंच आला. दोन इलारियोननी पाट्यावरचा कोकोचा एक दाणा उचलला आणि फेसावर ठेवला. दाणा थांबला. सगळे बघत होते. दाणा हलेना. दोन इलारियोननी थोडी वाट पाहिली, मग एक बोट पुढे केलं आणि दाणा हळूच खाली दाबला. तो दिसेनासा झाला.

“बुडाला,” ते म्हणाले. “त्या बाईच्या फेसाची याला सर नाही.”

सगळ्यात आधी युफ्रासियाला सुचलं. “नाहीच,” ती म्हणाली. “तिची गोष्टच वेगळी होती.”

अशी बाल्तासारा आपल्या गावात राहिली. फक्त मेल्चोरा म्हणून.

तिच्या घराच्या दारावर धर्मन्यायालयाचं लाखेचं सील लागलं, कारण ते पळून गेलेल्या चेटकिणीचं घर होतं. सील तोडणं म्हणजे मोठाच गुन्हा. मग ती खिडकीतून जा-ये करू लागली. आत एक लाकडी घडवंची, बाहेर एक दगड. सुरुवातीला गुडघे खरचटायचे, मग सवय झाली. मार्केसाला मात्र खिडकी जमेना. ती परसातच राहिली आणि रुसली.

गावानं बोललेलं पाळलं. जरा जास्तच पाळलं. मेल्चोरा नवी, त्यामुळे ती कुणाच्या पोराची धर्ममाता नव्हती. जी पोरं गल्लीत तिच्याकडे धावत यायची त्यांना आया मागं ओढू लागल्या. अनोळखी बाईच्या अंगावर असं जाऊ नये. युफ्रासिया तिला ‘अहो बाई’ म्हणायला लागली. चॉकलेट प्यायला सगळे यायचे, पण वाटी खाली ठेवताना उसासा टाकायचे.

“वाईट नाही,” मेलितोन म्हणायचा. “पण बाल्तासारा घुसळायची, ते काय सांगू तुम्हाला.”

“मेलितोन, तीच रवी आहे.”

“रवी तीच असून काय होतं? हात लागतो.”

पहिल्या वर्षी ती यावर हसायची. दुसऱ्या वर्षी भांडायची. पुढे पुढे ती रात्रंदिवस सराव केल्यासारखी घुसळू लागली, फेस आणखी उंच, आणखी घट्ट, की एकदा तरी कुणी म्हणावं, ही तिच्यापेक्षा सरस आहे. कुणी म्हटलं नाही. पास्कुआलाला ती एकदा चिडून म्हणाली, “ती गेली ते बरं झालं. फार चढवून ठेवली होती तुम्ही तिला.”

उपवासकाळ आला, फर्मान वाचलं गेलं, आणि गाव पुन्हा त्याच पंचाइतीत सापडलं. युफ्रासिया संध्याकाळी खिडकीपाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसतीच चाळवाचाळव.

“अहो मेल्चोराबाई.”

“काय?”

“तुमचं नाव सांगू का?”

बाल्तासारा खिडकीच्या आत, घडवंचीवर बसली होती. तिनं घराकडे एकदा पाहिलं. चूल, पाटा, आईची खाट.

“माझं नको,” ती म्हणाली. “बाल्तासाराचंच सांगा. तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही.”

“ती गेली ना पण.”

“गेली म्हणून दिसायची थोडीच थांबलीय?”

युफ्रासियाचा चेहरा उजळला. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून खिडकीतून हात आत घातला आणि बाल्तासाराचा हात दाबला. “कोमाद्रे,” असं हळूच म्हणाली आणि पळाली.

तेव्हापासून बाल्तासारा दरवर्षी दिसू लागली. हवानाच्या धक्क्यावर, मनिलाच्या बाजारात, एकदा तर खुद्द स्पेनच्या राजवाड्याच्या गच्चीवर, नेहमी खेचरावर, आणि नेहमी कांदेलारियाच्या दुपारी. दोन इलारियोन सगळं लिहून घ्यायचे. मग कमानीखाली जायचे, दोन वाट्या प्यायचे आणि फेस कमी आहे असं सांगून यायचे. त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही.

मेल्चोरा म्हातारी होऊन, आपल्या आईच्या खाटेवर मेली. घरातच, आणि एवढ्यात नाही, तिला हवं होतं तसं.

आता तिला बाहेर कसं काढायचं? दाराला सील होतं. लाख तडकली होती, पण ती तोडायची कुणाची छाती नव्हती. खिडकीतून पेटी निघेना. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. मेलितोन म्हणाला, पेटीशिवाय काढू, तर युफ्रासियानं त्याला छत्तीस नावं ठेवली. शेवटी आन्सेल्मोनं पहार आणली आणि मागची मातीची भिंत फोडली. घरात जायची वाट आजही तीच आहे; दार तसंच बंद आहे आणि कडीवर लाल डाग आहे.

बाहेर क्रिस्पिन ओलार्ते आपलं सगळ्यात चांगलं खेचर घेऊन उभा होता. म्हातारपणानं त्याला आता नीट दिसत नव्हतं. भिंतीतून पेटी बाहेर आली तसा तो पुढे झाला, आणि ती पाठीवर चढवू देण्याआधी त्यानं खाली वाकून, खेचराचे चारी पाय एकेक करून हातानं चाचपून घेतले.